सहाव्या मजल्यावरचं पाणी

माझ्या छतावर डाग पहिल्यांदा उमटला तो एका शनिवारी,
बशीएवढा.
पुढच्या शनिवारी ताटाएवढा.
तिसऱ्या शनिवारी चप्पल पायात अडकवून वर गेलो,
काय काय बोलायचं ते जिन्यात पाठ करत.

ओस्त्रावातल्या या इमारती खाणकामगारांसाठी बांधलेल्या.
भिंती अशा की वरच्याने चमचा पाडला
तर खालच्याला कळतं
चहाचा की सुपाचा.

दार ब्लाझेनाबाईंनी उघडलं.
डावं मनगट प्लास्टरमध्ये, उजव्या हातात फडकं,
मागे जमिनीवर आडवी झालेली बादली
आणि तिच्यापलीकडे, टेबलावर,
चाळीस लिटर उजेड.

"बारा निऑन," त्या म्हणाल्या,
जणू मी मोजणीलाच आलो होतो.
"आणि तळाशी तो मिशीवाला. तो ओताकरचा."

बादल्याही ओताकरच वाहायचे.
न्हाणीघर ते टेबल एकोणीस पावलं.
दोन जाताना, दोन येताना, दर शनिवारी.
नळी तोंडाने ओढायचे, घोटभर पोटात जायचंच,
मग जीभ टाळ्याला लावून म्हणायचे,
यंदाची वाइन गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे.

भांडण मी विसरलो नाही.
खिशात ठेवलं,
दुसरं फडकं मागून घेतलं
आणि गुडघ्यांवर बसलो.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच हाक मारली, जिन्यातून.
"चौतीस वर्षं वॉर्डात होते," त्या म्हणाल्या,
"माणसांत पाणी भरत.
एकालाही बादलीने नाही भरलं.
मग माशांनीच काय घोडं मारलंय?"

आता काचेवर लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे,
इथवरच उपसायचं, हावरटपणा नाही.
सगळंच नवं पाणी कुणालाच सोसत नाही.
नळीच्या तोंडाला जुन्या मोज्याचा तुकडा, रबराने बांधलेला,
नाहीतर एखादा निऑन ओढला जायचा.
तोंडाने ओढणं बंद.
अख्खी नळी टाकीत बुडवायची,
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबायचं,
टोकावर अंगठा ठेवून
तशीच बोळातून न्यायची, एकोणीस पावलं,
आणि न्हाणीच्या जाळीपाशी खाली धरून
अंगठा सोडायचा.
पाणी आपल्या पायांनी चालत जातं.
खालच्यांना काही कळत नाही.
(खालचा म्हणजे मी.)

नव्या पाण्याचा कॅन कपाटावर.
शुक्रवारी भरून ठेवलेला, झाकण उघडं,
म्हणजे क्लोरीनचा वास उडतो
आणि पाणी खोलीइतकंच कोमट होतं.
माझं काम एवढंच, स्टुलावर चढून तो वर ठेवणं.
ठेवण्याआधी त्या आत मनगट बुडवून बघतात, उजवं,
बाळाचं दूध बघावं तसं.

कॅनमधून सलाईनची नळी, चाकाच्या चिमट्यासकट.
चाक त्या कुणाला फिरवू देत नाहीत.
थेंब मोजता येऊ नयेत,
पण धारही होऊ नये,
या दोहोंच्या मधली एक जागा आहे,
ती त्यांच्या अंगठ्याला ठाऊक.

दुपारी लावलं की संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत टाकी भरते.
तोवर आम्ही बटाटे सोलतो,
किंवा नुसते बसतो.
मासे वर बघतही नाहीत.
आपलं पाणी बदललं
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

एकदा विचारलं त्यांनी,
"तुम्ही त्या दिवशी कशाला आला होतात?"
म्हटलं, साखर हवी होती.
"मग नेली का नाही?"
म्हटलं, राहून गेलं.
तेव्हापासून निघताना दर शनिवारी
कागदात बांधलेली साखर मिळते.
घरी आता अकरा पुड्या आहेत. मी चहा बिनसाखरेचा घेतो.

छतावरचा डाग वाळला.
कडेला चहाच्या रंगाची रेघ राहिलीय.
रंगारी म्हणतो दोन हात मारू.
मी म्हणतो, बघू.

सात वाजता त्या चाक बंद करतात.
छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ वर करून
वेळ मोठ्याने सांगतात, मिनिटासकट,
आणि कुणीतरी लिहून घेईल इतकं थांबतात.
मी काही विचारत नाही.
तेवढ्यात मिशीवाला तळातून सुसाट वर येतो,
हवेचा एक घोट घेतो
आणि पुन्हा वाळूत जाऊन बसतो.